भाराचा हिशेब : नदीपात्र, खाडी आणि किनारा यांच्या प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

काम ठरले. नदीचा शेवटचा टप्पा, खाडी आणि मुखाच्या दोन्ही बाजूंचा किनारा, एवढ्या भागासाठी प्रदूषण नियंत्रणाचा आराखडा करायचा आहे. आधीची कागदपत्रे वाचून काढली. नदीचा अहवाल खाडीच्या तोंडाशी थांबतो आणि किनाऱ्याचा अहवाल मुखाच्या पुढे सुरू होतो. मधली खाडी कुणाच्याच कागदावर नाही. म्हणून पहिला निर्णय असा की उगमाकडून येणारे पाणी ते किनाऱ्यालगतचा समुद्र, सगळ्याला तक्ता एकच.

दुसरा निर्णय एककाचा. जुन्या अहवालांत प्रत्येक आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आहे. त्यावरून पाणी किती घाण आहे ते कळते, घाण किती आली ते कळत नाही. आपण प्रत्येक नाल्याचा आणि नळाचा रोजचा भार किलोत मांडू. हिशेब अगदी सोपा आहे. मिलिग्रॅम प्रति लिटरला एमएलडीने, म्हणजे रोजच्या दशलक्ष लिटरने गुणले की उत्तर थेट किलोत येते. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जीवाणूंना ५ दिवसांच्या चाचणीत लागणारा ऑक्सिजन. १ एमएलडी सांडपाणी, बीओडी ३०, भार ३० किलो. त्यातच २ एमएलडी स्वच्छ पाणी सोडले तर बीओडी १० दिसेल, कागदावर शाबासकी मिळेल आणि नदीत पडणारा भार मात्र ३० किलोच राहील. या एका गोष्टीवर सगळा आराखडा उभा करायचा आहे.

७ नोव्हेंबर

बीओडीच्या मर्यादा आल्या कुठून, यावर आज सहकाऱ्यांसाठी टिपण लिहिले. ब्रिटनच्या सांडपाणी विल्हेवाटविषयक राजआयोगाने १९१२ च्या अहवालात बीओडी २० आणि पाण्यात तरंगणारे गाळकण ३० (दोन्ही मिलिग्रॅम प्रति लिटर) ही जोडी सुचवली. सोबत अट होती की ते पाणी स्वीकारणाऱ्या नदीत त्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी असावे. आकडे जगभर पसरले, अट मागे राहिली. उन्हाळ्यात नदीत सांडपाण्याखेरीज फारसे पाणीच नसेल, तर २० हा आकडा पाळूनही नदी गुदमरते.

चाचणीचे ५ दिवस ठरण्यामागचे कारणही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ब्रिटनमधल्या नद्यांचे पाणी साधारण तेवढ्या अवधीत समुद्राला मिळते, म्हणून ५ दिवस. समुद्राला मिळाल्यावर पुढे काय होते, हा प्रश्न त्या बाटलीत कधी शिरलाच नाही. आपल्याला मात्र नेमके तेच विचारायचे आहे.

१३ नोव्हेंबर

दोन्ही काठ पायी धुंडाळून नदीत पाणी सोडणाऱ्या नाल्यांच्या आणि नळांच्या तोंडांची यादी केली. नकाशावर दाखवलेल्यांपेक्षा प्रत्यक्षात जास्त सापडली, आणि त्यात आश्चर्य काही नाही. यादीसाठी कोरडे दिवस मुद्दाम निवडले होते. कित्येक दिवस पाऊस नसताना पावसाळी गटारातून पाणी वाहत असेल, तर ते पावसाचे नाही हे उघड आहे. कुठेतरी वर मैलापाण्याची जोडणी त्या गटाराला दिलेली असते. अशा प्रत्येक तोंडाला लाल खूण केली. ही जोडणी शोधून काढणे हे सगळ्यांत स्वस्त नियंत्रण आहे. त्यासाठी कुठलेही यंत्र लागत नाही, झाकणे उघडून एकेक पाहत वर जायचे, एवढेच.

१५ नोव्हेंबर

प्रवाहमापन. लहान नळांना बादली आणि स्टॉपवॉच पुरते. मोठ्या नाल्यात तरंगता ठोकळा सोडून वेग काढला आणि त्याला ०.८५ ने गुणले, कारण पृष्ठभागाचे पाणी सरासरीपेक्षा जोरात धावते. मधल्या आकाराच्या नाल्यांत त्रिकोणी खाचेची पाटी बसवली. खाचेतून पडणाऱ्या पाण्याची उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून थोडा जास्त होतो, त्यामुळे पट्टीवरचे वाचन मिलिमीटरपर्यंत नीट घ्यायला हवे. भार काढायचा तर पाण्याचे मोजमाप रसायनाच्या मोजमापाइतकेच काटेकोर हवे. नमुने घेणारे खूप जण असतात, पाणी मोजणारे फार थोडे.

२४ नोव्हेंबर

नदीच्या वरच्या भागात दिवसरात्र नमुने. दुपारी पाणी हिरवट, आणि विरघळलेला ऑक्सिजन संपृक्त पातळीच्याही वर. पहाटे त्याच जागी आकडा पार घसरलेला. शैवाल दिवसा ऑक्सिजन सोडते आणि रात्रभर तोच परत घेते. दुपारी अकरा-बाराच्या सुमारास एकदा बाटली भरून आणायची, ही सोयीची पद्धत म्हणूनच घातक. मासे मरतात ते पहाटे. यापुढे ऑक्सिजनची नोंद सूर्योदयापूर्वीच घ्यायची, दुपारची वाचने फक्त तुलनेसाठी.

ऑक्सिजन मोजणारा मीटर सोबत असला तरी काही बाटल्या विंकलर पद्धतीने जागेवरच स्थिर केल्या. १८८८ ची ही पद्धत आजही मीटर तपासायला उत्तम आहे. मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घातले की साका, म्हणजे खाली बसणारा घन भाग, तपकिरी होतो. साका पांढराच राहिला तर त्या पाण्यात ऑक्सिजन नाही. नवख्या मुलांना हे एकदा डोळ्यांनी दाखवले की पुढे समजावून सांगावे लागत नाही.

३ डिसेंबर

ऑक्सिजनच्या घसरणीचा आलेख काढला. ओहायो नदीवरच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये मांडलेले समीकरणच वापरले. जीवाणू घाण खाताना ऑक्सिजन संपवतात, हवेतून तो पुन्हा भरत राहतो, आणि या दोन वेगांच्या ओढाताणीत सगळ्यांत वाईट जागा सांडपाण्याच्या तोंडाशी नसते. ती प्रवाहाच्या दिशेने बरीच खाली असते. आपल्या बाबतीत ती खाडीत पडते. म्हणजे तोंडाच्या पलीकडे थोड्या अंतरावर नमुना घेऊन 'नदी तग धरून आहे' असा निष्कर्ष काढणे चूक, कारण तिथे घसरण नुकती सुरू झालेली असते.

अमोनियाचाही हिशेब जोडला. १ किलो अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट व्हायला ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो, आणि ही मागणी पहिल्या काही दिवसांच्या बीओडीत बहुतेक दिसतच नाही. शिवाय अमोनियाचे विष पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्यावर, ठरते. २५ अंश तापमानाला पीएच ८ असेल तर त्यातला ५ टक्क्यांच्या आसपास भाग माशांना मारक अशा मुक्त रूपात असतो, पीएच ९ ला तो तिसऱ्या हिश्शाहून जास्त होतो. दुपारी शैवालामुळे पीएच चढतो. म्हणजे ज्या वेळी ऑक्सिजन भरपूर दिसतो, त्याच वेळी अमोनिया अधिक जहरी असतो.

१२ डिसेंबर

खाडीतले पहिले नमुने. उधाणाची भरती (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची, जोराची) आणि भांगाची भरती (अष्टमीच्या सुमाराची, कमी जोराची), दोन्हींच्या फेऱ्या ठरवल्या, प्रत्येक फेरी भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे सुमारे १२ तास २५ मिनिटांची. प्रत्येक जागी नमुने दोन, वरचा आणि तळाचा. गोडे पाणी हलके असल्यामुळे वरून समुद्राकडे सरकते आणि खारे पाणी तळाने पाचरीसारखे आत घुसते. वरच्या पाण्याला हवा मिळते. तळाच्या पाण्याला ती मिळत नाही, आणि वरून पडणारी घाण कुजते ती तिथेच. त्यातच खाऱ्या पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो. ३० अंशांना गोड्या पाण्यात तो साधारण ७.५ मिलिग्रॅम प्रति लिटर मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.२ च्या आसपास.

वरची बाटली तपकिरी. तळाची पांढरी. आणि सडक्या अंड्यांचा तो वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. समुद्राच्या पाण्यात सल्फेट विपुल असते, ऑक्सिजन संपला की जीवाणू त्याच्याकडे वळतात. मुखाजवळ मासेमारी करणारे लोक सांगत होते की भांगाच्या दिवसांत जाळ्याला काळा चिखल येतो आणि मासळी वर सरकते. भांगाला भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, पाणी नीट ढवळले जात नाही, तळ गुदमरतो. त्यांचे निरीक्षण आपल्या बाटल्यांशी तंतोतंत जुळते. त्यांना फेऱ्यांचे वेळापत्रक देऊन नोंदी ठेवण्यात सामील करून घ्यायचे, आणि तक्त्यात त्यांच्या नोंदींना स्वतंत्र रकाना द्यायचा.

१३ डिसेंबर

कालच्याच विषयावर थोडे आणखी. खाडीत सोडलेले सांडपाणी ओहोटीबरोबर गेले असे वाटते, पण त्यातला मोठा भाग पुढच्या भरतीला परत येतो. नदीचा प्रवाह आटलेला असताना तेच पाणी दिवसेंदिवस मागेपुढे होत राहते. शिवाय नदीतल्या मातीचे बारीक कण खारे पाणी लागताच एकमेकांना चिकटून खाली बसतात, आणि त्यांना बिलगलेले जड धातूही त्यांच्यासोबत बसतात. म्हणून खाडीचा गाळ हे वरच्या सगळ्या प्रदेशाचे साठवलेले देणे असते. गाळ उपसण्याचा प्रस्ताव टेबलावर आहे. धातूंची तपासणी झाल्याशिवाय त्याला हात लावू नये, असे लेखी कळवले.

९ जानेवारी

या आराखड्यातले सगळ्यांत महत्त्वाचे पान आज लिहिले असे वाटते.

समुद्रातल्या सूक्ष्म शैवालात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे अणू सरासरी १०६:१६:१ या प्रमाणात असतात. आल्फ्रेड रेडफील्ड यांच्या नावाने हे प्रमाण ओळखले जाते. असे शैवाल मरून पूर्ण कुजायला फॉस्फरसच्या प्रत्येक अणूमागे ऑक्सिजनचे १३८ रेणू लागतात. किलोत मांडले तर १ किलो नायट्रोजनमागे जवळपास २० किलो आणि १ किलो फॉस्फरसमागे १४० किलोंच्या वर ऑक्सिजन.

आता प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी घ्या. सक्रिय गाळ पद्धत (टाकीत हवा सोडून जीवाणूंकरवी घाण खाववण्याची) नीट चालली आहे, बीओडी २० आहे, मर्यादा पाळलेली आहे. पण नायट्रोजन वेगळा काढण्याची सोय नसेल तर तो लिटरमागे २० मिलिग्रॅम सहज उरतो. त्या सगळ्या नायट्रोजनचे समुद्रात शैवाल झाले आणि ते तळाशी जाऊन कुजले, तर लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या घरात ऑक्सिजन लागेल. घरगुती कच्च्या सांडपाण्याचा बीओडीच मुळात २०० ते ३०० असतो. म्हणजे आपण कार्बन काढला, पाणी स्वच्छ दिसू लागले, आणि ऑक्सिजनची त्याहून मोठी मागणी नायट्रोजनच्या रूपाने पुढे पाठवून दिली. ही कमाल शक्यता आहे, सगळा नायट्रोजन काही शैवालात जात नाही. तरी आकड्याचा आवाका पाहा. जिथे बीओडीची चाचणी थांबते तिथून ही गोष्ट सुरू होते.

किनाऱ्यालगतच्या मृत पट्ट्यांचे, म्हणजे तळाचा ऑक्सिजन संपलेल्या भागांचे, कारण हेच. डियाझ आणि रोझेनबर्ग यांनी २००८ मध्ये जगभरातले असे ४०० हून अधिक पट्टे मोजले, एकूण क्षेत्र सुमारे २,४५,००० चौरस किलोमीटर. भार कमी झाला की समुद्र सावरतो, याचाही पुरावा आहे. काळ्या समुद्राच्या वायव्य उथळ भागात १९८० च्या दशकात तळाचा ऑक्सिजन दर उन्हाळ्यात संपत असे. दशकाच्या शेवटी पूर्व युरोपातली अर्थव्यवस्था कोलमडली, शेतांवर पडणारे खत एकदम घटले, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो पट्टा पुष्कळ आक्रसला. कुणी ठरवून केलेले हे काम नव्हते. ठरवून केले तर काय होईल, याची कल्पना त्यावरून येते.

उपाय तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. वायुवीजनाच्या टाकीआधी हवा नसलेली टाकी जोडायची आणि पुढे तयार झालेले नायट्रेट तिच्यात परत फिरवायचे. तिथले जीवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून घाण खातात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. हवेच्या पंखांवरची वीजही काही प्रमाणात वाचते. आपल्या केंद्रात टाकीचे दोन भाग करून हे होण्याजोगे आहे. आराखड्यात हे पहिल्या क्रमांकावर.

२२ जानेवारी

बैठक. सांडपाण्याचा नळ लांब समुद्रात नेऊन सोडावा, असा आग्रह झाला. त्याची बाजू प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. खोल पाण्यात, टोकाला अनेक भोके असलेला नळ असेल तर सांडपाणी वर येईपर्यंतच शंभरपट विरळ होऊ शकते, आणि मैल्यातले बरेच जीवाणू खाऱ्या पाण्यात आणि उन्हात काही तासांत मरतात. पोहण्याच्या किनाऱ्याला याचा खरोखर फायदा होतो. पण किलोच्या तक्त्यात काहीच बदलत नाही. नायट्रोजन तेवढाच, धातू तेवढेच.

मी मिनामाताचे उदाहरण दिले. जपानमधल्या त्या किनाऱ्यावर १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी आखातात जात होते. १९५८ मध्ये ते तिथून वळवून नदीच्या मुखाशी सोडले. भार तोच होता, जागा नवी होती, आणि थोड्याच काळात नव्या जागेजवळच्या वस्त्यांत रुग्ण दिसू लागले. पारा समुद्रात विरून जात नाही. त्या सांडपाण्यात कारखान्यातच तयार झालेला मिथिल पारा होता, आणि तो मासळीतून माणसाकडे परत आला. त्या कारखान्याने पारा सोडणे थांबवले ते १९६८ मध्ये. इतकी माणसे पिढ्यान् पिढ्या भोगत राहिली ती एक नळ हलवणे हाच उपाय समजल्यामुळेही. हे सांगताना माझा आवाज चढला, आणि तो चढायलाच हवा होता.

ठराव: आधी प्रक्रिया पूर्ण, मगच नळाच्या लांबीची चर्चा.

६ फेब्रुवारी

कारखान्यांच्या तोंडांवर काम. नियम एकच: कारखान्याचे पाणी मैलापाण्यात मिसळण्याआधी त्याच आवारात सुटे हाताळायचे. क्रोमियमचेच पाहा. सहा संयुजेचे क्रोमियम आम्लयुक्त पाण्यात तीन संयुजेवर आणायचे, मग चुना घालून पीएच ८-९ ला नेले की ते साका होऊन बसते. थोड्या, गाढ पाण्यावर हे आवाक्यातले काम आहे. तेच पाणी शहराच्या मैल्यात गेले की प्रक्रिया केंद्रातले जीवाणू मरतात, आणि वाचले तरी धातू मैलागाळात उतरतो. तो गाळ मग खत म्हणून शेताला देता येत नाही. एका तोंडाच्या निष्काळजीपणाने सगळ्या शहराचा गाळ विषारी होतो.

१० फेब्रुवारी

गोदामांची पाहणी. प्रत्येक रसायन गोदामाला एक प्रश्न विचारला: आग लागली तर विझवलेले पाणी कुठे जाईल? बहुतेक ठिकाणी उत्तर पावसाळी गटार. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळच्या, सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली तेव्हा हेच झाले. कीटकनाशके घेऊन विझवण्याचे पाणी ऱ्हाइनमध्ये उतरले, नदी लाल झाली आणि खाली दूरवर ईल मासे मेले. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी एकत्र कृती कार्यक्रम आखला, आणि साठवण हौद व पूर्वसूचनेची व्यवस्था यांना त्यात जागा मिळाली. आराखड्यात दोन कलमे घातली: गोदामाभोवती बांध आणि विझवण्याच्या पाण्यासाठी बंद हौद, आणि गटाराच्या तोंडाला हाताने पाडता येणारे झडपदार दार.

२५ फेब्रुवारी

बंदर. जहाजांचे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजांनी कोणतेही प्लास्टिक समुद्रात टाकायचे नाही, इंजिनखान्याच्या पाण्यात तेल १५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत १५ भागांच्या) वर नको, आणि कच्चे मैलापाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडायचे नाही. नियम ठाऊक सगळ्यांना आहेत. धक्क्यावर ते पाणी आणि तो कचरा घेणारी टाकी नसेल तर ते पाळायचे कसे? लहान बोटींसाठी तेलकट पाण्याची एक टाकी, तीही विनामूल्य, अशी मागणी नोंदवली. पैसे आकारले तर रात्री तेल पाण्यातच जाते.

१८ मार्च

शेतातून येणारा भार. याला तोंड नाही, म्हणून खाचेची पाटी लावता येत नाही. ओढ्यांच्या संगमांवर मोजून वरचा हिशेब वजा करायचा. काठालगत गवताचा आणि झाडांचा पट्टा राखला तर माती आणि तिला चिकटलेला फॉस्फरस बऱ्यापैकी अडतो. विरघळलेले नायट्रेट जमिनीखालून जाते, त्याला पट्ट्यातल्या ओल्या, मुळांनी भरलेल्या मातीतच काही प्रमाणात अडवता येते. खरा उपाय मात्र खताची मात्रा आणि वेळ. मोठ्या पावसाच्या तोंडावर टाकलेले खत पिकाला मिळत नाही आणि नदीला मिळते.

११ जून

पहिला मोठा पाऊस. नमुने चढत्या पाण्यात, थोड्या थोड्या वेळाने घेतले. सुरुवातीच्या बाटल्या काळ्या, तेलकट, टायरांच्या भुग्याने आणि प्लास्टिकने भरलेल्या. पाणी सर्वाधिक वाढले तोवर रंग निवळू लागला होता. कोरड्या दिवसांत रस्त्यांवर आणि गटारांच्या तळाशी साचलेले सगळे पहिल्याच लोंढ्यात सुटते. त्याच वेळी मैलापाण्याची वाहिनीही तुंबून सांडव्यावरून नदीत सुटली. भार काढल्यावर दिसले की महिन्याच्या सरासरीत हा लोंढा पार दडून जातो.

साठवण हौद सगळ्या पावसासाठी बांधायचा नाही, हे आज पक्के झाले. पहिला लोंढा मावेल एवढाच बांधायचा, आणि पाऊस ओसरल्यावर ते पाणी हळूहळू प्रक्रिया केंद्राकडे पाठवायचे. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस किनाऱ्यावर पाण्यात उतरू नये, असा फलक लावायला सांगितले. खाऱ्या पाण्यात मैला मिसळल्याची खूण म्हणून एन्टरोकोकाय हा जीवाणू मोजायचा. मैल्यातल्याच ई. कोलाय जीवाणूपेक्षा तो तिथे जास्त तग धरतो, त्यामुळे धोका लपत नाही.

२४ जून

तक्ता पूर्ण. एकाच पानावर प्रत्येक तोंड, त्याचा कोरड्या दिवसाचा आणि पावसाळी भार, बीओडी, नायट्रोजन, फॉस्फरस आणि लागू असतील ते धातू. भाराच्या क्रमाने लावल्यावर वरची मोजकी तोंडे बहुतांश हिस्सा उचलतात, आणि ज्या नाल्याच्या दुर्गंधीबद्दल सर्वांत जास्त तक्रारी होत्या तो बराच खाली आहे. तिथल्या लोकांना हे समोर बसून सांगायला हवे, आणि त्यांच्या नाल्यातली चुकीची जोडणी तरीही आधी काढायला हवी, कारण ते काम लगेच होणारे आहे.

थेम्स नदीचा दाखला प्रस्तावनेत घेतला. लंडनजवळचा तिचा भरतीचा पट्टा १९५७ मध्ये जैविकदृष्ट्या मृत ठरवला गेला होता. बेक्टन आणि क्रॉसनेस या दोन मोठ्या केंद्रांची प्रक्रिया सुधारत गेली, आणि १९७४ मध्ये तिथे सामन मासा पुन्हा आढळला. भार उचलणाऱ्या मोजक्या तोंडांवर जोर देण्याचा आपला क्रम त्याच धर्तीचा आहे.

आराखडा सादर करण्याआधी उरलेली कामे: वरच्या क्रमांकाच्या नाल्यांवर खाचेच्या पाट्या कायमच्या बसवणे, प्रत्येक पाटीचे वाचन कोण घेणार ते तक्त्यात लिहिणे, आणि पुढच्या भांगाला खाडीच्या तळाची फेरी मासेमारी करणाऱ्यांच्या बोटीतून करणे. हवा नसलेल्या टाकीच्या भिंतीचे रेखाचित्र उद्या मागवायचे आहे.